कॉलेजच्या वाटेवर सातबारा



मागच्या महिन्यात तालुक्याला कार्यक्रम झाला. बारावी पास झालेल्या आदिवासी मुला-मुलींचा सत्कार. एक गुलाबाचं फूल, एक वही, एक पेन आणि तासभर भाषण. भाषण करणारे साहेब मोठे होते. त्यांचं नाव छापून त्यांना आणखी मोठं करायची आमची इच्छा नाही. ते म्हणाले, "तुम्ही तरुण पोरं त्या फॉरेस्टच्या प्लॉटच्या मागं लागू नका. दावे, मोर्चे, ग्रामसभा यात आयुष्य घालवू नका. डोंगरावरच्या दोन एकर खडकात काय ठेवलंय? शिका, कॉलेजात जा, नोकऱ्या करा. जमिनीचं म्हाताऱ्यांना बघू द्या." टाळ्या पडल्या. आमच्यातल्या काही जणांनीपण वाजवल्या, खोटं कशाला बोला. हातात फूल धरून टाळी नीट वाजत नाही, तरी वाजवली.

उत्तर तिथल्या तिथं द्यायला पाहिजे होतं. जमलं नाही. म्हणून या अंकात देतो, आणि अंक साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची जबाबदारीपण आम्हीच घेतो.

साहेब, तुम्ही सांगायच्या आधीच आम्ही कॉलेजात जायला निघालो होतो. वाटेत आम्हाला सातबारा मागितला.

आता हे कसं झालं ते सांगतो. सत्काराला जी पोरं उभी होती त्यात आमच्या एका पाड्यावरची ठाकराची पोर होती. नाव लिहीत नाही, कारण तिला अजून त्याच ऑफिसांच्या पायऱ्या चढायच्या आहेत. सहा वर्षांची असल्यापासून आश्रमशाळेत. बारावी सायन्सला ६१ टक्के. पाड्यावर सायन्स घेऊन बारावी झालेलं हे पहिलंच माणूस. तिला नर्सिंगला जायचं होतं. तिची आई दोन वर्षं टीबीनं आजारी आहे, आणि पावसाळ्यात पाड्यावरून दवाखान्यात न्यायचं तर अजून डोली करावी लागते. गोळ्या मध्येच बंद केल्या म्हणून आजार उलटला. बंद का केल्या, तर बरं वाटायला लागलं म्हणून. गोळी किती दिवस घ्यायची हे समजावून सांगणारं पाड्यावर कुणी नव्हतं. पोरगी म्हणायची, एक तरी माणूस आपल्यात असं पाहिजे.

आश्रमशाळेत असेपर्यंत शाळेच्या रजिस्टरातली नोंद चालून गेली होती. कॉलेजच्या फॉर्मला जातीचा दाखला लागतो म्हणून ती तालुक्याला सेतूच्या खिडकीवर गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं.

"वडिलांचा जातीचा दाखला आणलास?"

"त्यांच्याकडं नाही."

"आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला?"

"आजा शाळेत गेला नाही."

"कोतवाल बुकाची नक्कल?"

"विचारलं. त्या वर्षाचं बुक फाटलंय, मिळत नाही म्हणाले."

"मग जुना सातबारा आण. फेरफार असला तर तो आण."

"आमची जमीन फॉरेस्टात आहे."

"मग जमीन नाही म्हण ना सरळ."

आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लागली.

"मग जमीन नाही म्हण ना सरळ." हे वाक्य आम्ही लिहून ठेवलं आहे. तो खिडकीवरचा पोरगा काही वाईट नसेल, त्याला पगार कमी आणि रांग लांब. पण त्यानं सरकारचं मन एका वाक्यात बोलून दाखवलं.

ती जमीन नाही काय? तिच्या आज्याच्या बापानं ती काढली. दगड वेचून बांध घातले, ते बांध आजपण जाग्यावर आहेत, कुणीपण येऊन मोजावेत. वर वरई, मधे नागली, खाली ओढ्याजवळ दोन खाचरं भाताची. इंग्रजांनी १८७८ ला जंगल कायदा केला, १९२७ ला तो पुन्हा घट्ट केला. इंग्रज गेले, १९२७ चा कायदा राहिला. १९७५ ला खाजगी जंगलं सरकारनं ताब्यात घेतली, तेव्हा कागदावर नाव मालकाचं आणि नांगर आमचा. १९८० ला वन संवर्धन कायदा आला, मग तर कुठल्याही अर्जाला दिल्लीकडं बोट. एवढ्या वर्षांत त्या जमिनीवर आमच्या माणसांना सरकारनं दिलेला एकच कागद आहे, दंडाची पावती. या पोरीच्या घरच्या पेटीत अशा ११ पावत्या आहेत. सगळ्यात जुनी १९७४ ची. कोंबडी दिली ती वेगळी, तिची पावती नाही.

म्हणजे सातबारा आमच्या नावावर चढू दिला नाही तो सरकारनं, आणि खिडकीवर तोच सातबारा मागतंय तेपण सरकार. चोरानं घरातली भांडी न्यावीत आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणावं, पाणी द्या, पण तुमच्याच तांब्यातनं द्या. असा हा प्रकार आहे.

याच्या पुढची गंमत ऐका. तिच्या बापानं जंगल हक्क कायद्याखाली दावा टाकलाय. हा कायदा २००६ चा, नियम २००८ च्या जानेवारीत आले, ते आपण सगळ्यांनी शिबिरात वाचलेत. वैयक्तिक दाव्याच्या फॉर्मात एक रकाना आहे, अनुसूचित जमातीचे आहात का, दाखल्याची प्रत जोडा. बापाकडं दाखला नाही. दावा उपविभागीय समितीकडून परत आला, शेरा काय, तर जातीचा दाखला नाही. जमात सिद्ध झाली नाही तर "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करा, आणि त्याला ७५ वर्षांच्या वस्तीचा पुरावा आणा.

नीट बघा. पोरीला जातीचा दाखला पाहिजे, तर बापाचा सातबारा आणा. बापाला जमिनीचा कागद पाहिजे, तर जातीचा दाखला आणा. दोघं एकाच घरात, एकाच चुलीवर जेवतात, आणि दोन ऑफिसं त्यांना एकमेकांकडं पाठवतात. घाण्याच्या बैलालासुद्धा संध्याकाळी सोडतात.

साहेब म्हणतात जमीन सोडा, शिक्षण धरा. साहेब, आमच्या शिक्षणाचा कागद जमिनीच्या पोटात आहे. जमीन सोडली की तोपण गेला.

सात फेऱ्या मारल्यावर, संघटनेचे चार जण प्रांताच्या ऑफिससमोर दिवसभर बसल्यावर, शेवटी पोरीला जातीचा दाखला मिळाला. आम्हाला वाटलं, झालं. झालं कुठं? नर्सिंगसारख्या कोर्सला नुसता दाखला चालत नाही. त्याची पडताळणी लागते, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. ती समिती बसते ठाण्याला. आणि तिथं विचारतात, १९५० च्या आधीचा कागद आहे का?

१९५० कशाला? तर अनुसूचित जमातींची पहिली यादी राष्ट्रपतींनी काढली ६ सप्टेंबर १९५० ला. म्हणून त्याच्या आधी तुमच्या आज्या-पणज्याच्या नावापुढं काय लिहिलं होतं ते दाखवा, असं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९५० च्या आधी आमचे आजे काय करत होते ते या जिल्ह्यात कुणाला माहीत नाही? वेठ करत होते. सावकाराच्या शेतात फुकट राबत होते. लग्नाला घेतलेल्या चार पैशांपायी नवरा-बायको दोघं लग्नगडी म्हणून आयुष्यभर बांधलेली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं जाग्यावर पडले. लढा कशासाठी होता? वेठ बंद करा, माणसासारखं वागवा, एवढ्यासाठी. ज्या वर्षी आमची माणसं माणूस म्हणून जगू द्या म्हणत गोळ्या खात होती, त्या वर्षीचा शाळेचा दाखला आम्ही आणायचा! शाळेच्या रजिस्टरात नाव घालायला शाळा तरी पाहिजे होती पाड्यावर. आमच्या पाड्यापर्यंत शाळा कधी आली ते विचारा, त्याचं रेकॉर्ड सरकारकडंच आहे.

या पोरीकडं जुन्यात जुना कागद म्हणजे चुलत्याचा शाळेचा दाखला. त्यात मास्तरानं लिहिलंय "हिंदू ठाकूर". यादीत ठाकूर, ठाकर, का ठाकूर, मा ठाकूर अशी नावं आहेत. पण ठाकूर नावाचे सवर्णपण आहेत, म्हणून समितीला शंका. त्या मास्तरानं "का ठाकूर" न लिहिता नुसतं ठाकूर लिहिलं, त्याची शिक्षा आज तिसऱ्या पिढीतल्या पोरीला.

मग दक्षता पथक. कागद कमी पडले की ते चौकशी करतात, चाली-रीती विचारतात. तुमचे देव कोणते, लग्नात काय काय करता, मयताला काय करता, नाच कुठला, बोली कशी. आप्तभाव तपासणे म्हणतात त्याला. पोरीला विचारलं, लग्नाच्या विधी सांग. तिनं सांगितलं तेवढं सांगितलं, मधेच अडली. अडणारच. सहाव्या वर्षी तुम्हीच तिला आश्रमशाळेत नेलं. तिथं पहाटे उठून प्रार्थना, प्रमाण मराठीत कविता, बोलीत बोललं की बाकी पोरं हसायची, गुरुजीपण हसायचे. पाड्यावरची लग्नं व्हायची तेव्हा तिची परीक्षा असायची. बारा वर्षं तिला आदिवासीपणापासून लांब ठेवायचं, आणि तेराव्या वर्षी तिची परीक्षा घ्यायची आदिवासीपणाची! आणि शहरातला कुणी नकली आदिवासी असेल तर तो चार पुस्तकं वाचून सगळे देव घडाघडा म्हणून दाखवेल. त्याला पाठ करायला वेळ आहे.

इथं एक गोष्ट साफ सांगायला पाहिजे, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, संघटनेची पोरं पडताळणी बंद करा म्हणतायत. आम्ही तसं म्हणत नाही. खोट्या आदिवाशांनी आमच्या जागा, आमच्या नोकऱ्या खाल्ल्या, हे खरं आहे, आणि त्याविरुद्ध आपणच मोर्चे काढलेत. १९९४ ला सुप्रीम कोर्टानं छाननी समित्या आणि दक्षता पथकं घालून दिली, मग राज्यानं कायदा केला, तो २००१ पासून लागू आहे. हेतू चांगला. पण त्या कायद्यात कलम ८ आहे. आपण त्या जमातीचे आहोत हे सिद्ध करायचा भार अर्ज करणाऱ्यावर. आता भार उचलायला कोण जास्त बळकट? ज्याचा आजा शिकलेला, ज्याच्या घरी जुने कागद, ज्याच्या ओळखीचा वकील, तो. म्हणजे चोर पकडायला जे जाळं टाकलं त्यात मोठा मासा वाट काढून जातो आणि ओढ्यातली मुरी अडकते.

शिबिरात वकिलांनी आणखी एक निकाल सांगितला होता, २००० सालचा. त्यात एका डॉक्टरचा अनुसूचित जमातीचा दावा सुप्रीम कोर्टानं नाकारला, पण शिक्षण होऊन गेलंय, समाजाला डॉक्टर पाहिजे, म्हणून पदवी राहू दिली. राहू दे. आमचं भांडण त्या माणसाशी नाही. पण ज्याचा दावा चालला नाही तो डॉक्टर राहतो, आणि जिचा दावा खरा आहे ती नुसत्या उशिरापायी नर्सपण होत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

उशीर. यावर थोडं थांबून बोलायला पाहिजे, कारण ऑफिसातल्या माणसांना आमचा महिना आणि आमचा पैसा दिसत नाही. बारावीचा निकाल लागायचा मेच्या शेवटी नाहीतर जूनच्या सुरुवातीला. कॉलेजचे फॉर्म जूनमध्ये. त्याच वेळी पाऊस. राब भाजून झालेला असतो, पेरणी अंगावर. यादी लागते जुलैत, तेव्हा आवणी. वर्षात हेच दीड-दोन महिने असे असतात की घरातला एक माणूस कमी झाला तर वर्षभराचं भात कमी होतं. आणि घरात दाणा संपलेलापण तेव्हाच असतो. म्हणजे जेव्हा पोटात नाही, खिशात नाही, आणि शेतात हात पाहिजेत, तेव्हाच सरकार म्हणतं, या, सात वेळा तालुक्याला या. या पोरीची आई अंथरुणावर. चूल तिची, लहान दोन भाऊ तिचे, आवणी तिची, आणि फॉर्मची शेवटची तारीखपण तिचीच.

खर्चाचा हिशोब तिच्याकडून घेऊन आम्ही मांडला. तालुक्याच्या ७ फेऱ्या, एका फेरीचे ४० रुपये, झाले २८०. ठाण्याला दोन वेळा बाप आणि लेक, माणशी १४० प्रमाणे ५६०. प्रतिज्ञापत्र, स्टँप पेपर आणि टाईप करणारा धरून १६०. झेरॉक्स ११५. दोन कॉलेजांचे फॉर्म २००. एकूण १३१५. त्यात बापाच्या ९ दिवसांच्या मजुरीचे खाडे, दिवसाला ८० धरले तर ७२०. सगळे मिळून २०३५ रुपये. यात कुणाला चहा पाजला तो धरलेला नाही.

मधेच एक कामाची गोष्ट. जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्याला जे प्रतिज्ञापत्र लागतं त्याला मुद्रांक शुल्क सरकारनं २००४ पासून माफ केलंय. साध्या कागदावर चालतं. तरी ऑफिसच्या बाहेर स्टँप विकत घ्यायला लावतात. कुणी मागितला तर लेखी मागा, म्हणावं, स्टँप पाहिजे असं लिहून द्या. कुणी लिहून देत नाही, हे आम्ही करून बघितलंय.

तर ते २०३५ रुपये आले कुठनं? वीटभट्टीच्या शेठकडून उचल घेतली. भर पावसाळ्यात उचल देणारा तोच असतो. आता दिवाळी झाली की ती फेडायला बाप भट्टीवर जाणार, आणि जोडी पाहिजे म्हणून नववीतला भाऊ बरोबर जाणार. म्हणजे बहिणीच्या कॉलेजचा फॉर्म भावाच्या शाळेनं भरला. कॉलेज तर मिळालंच नाही. समितीचा कागद मुदतीत आला नाही, जागा दुसऱ्याला गेली. समितीकडं अर्ज अजून पडून आहे, नंबर आहे, तारीख नाही. कॉलेजवाले म्हणाले, बी.ए. ला ये, तिथं व्हॅलिडिटी लागत नाही. पण वसतिगृहाची यादी लागलेली नव्हती, आणि शहरात खोली घ्यायला पैसा नव्हता. शिष्यवृत्तीचं म्हणाल तर ती मिळते, पण वर्ष संपता संपता मिळते. भूक वर्षाच्या सुरुवातीला लागते.

आता पोर घरी आहे. मागणी आली आहे एका ठिकाणाहून. बाप अजून हो म्हणाला नाही, नाहीपण म्हणाला नाही.

आम्ही या एकाच पोरीचं लिहिलं, कारण हिचे सगळे कागद आम्ही डोळ्यांनी बघितले. पण वाचणाऱ्यातल्या निम्म्या घरांना यात आपलं घर दिसेल. एका पोराचं नाव तो १७ वर्षांचा असताना फॉरेस्टच्या केसमध्ये घातलं, बापाबरोबर नांगर धरला म्हणून. आता तो पोलीस भरतीला जातो तर चारित्र्याच्या दाखल्याला केस आडवी येते. तिथंपण तेच. जमिनीचा गुन्हा, शिक्षणाला शिक्षा.

आता आपल्याच माणसांना दोन शब्द. राग मानू नका. संघटनेतले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, शिकलेली पोरं परत येत नाहीत, पँट घातली की पाडा विसरतात, म्हणून कॉलेजच्या कामात संघटनेचा वेळ घालवू नका, आधी दावे. काका, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. काही गेले ते गेलेच. पण दावे भरले कुणी ते आठवा. मागच्या वर्षी नकाशा काढणं, फॉर्म भरणं, ग्रामसभेचा ठराव लिहिणं, हे सगळं दहावी-बारावीच्या पोरांनी कंदिलाखाली बसून केलं. या पोरीनं एकटीनं २३ दावे लिहिले, मेच्या सुट्टीत. तिला दाखला मिळवून देणं हे दाव्याचंच काम आहे. तुम्ही त्या साहेबांसारखंच बोलताय, नुसतं उलट्या बाजूनं. ते म्हणतात शिका, जमीन सोडा. तुम्ही म्हणता जमीन धरा, शिकणं नंतर. दोघांनीपण एका घरातली दोन माणसं वेगळी केलीत.

आणि ते २३ दावे लिहिताना जे घडलं, त्यावरूनच आम्हाला हा लेख सुचला. दावा बापाच्या नावे, म्हणून साक्ष आज्याची. जंगल हक्काच्या नियमात, नियम १३ मध्ये, पुरावा काय काय चालतो ते दिलंय. त्यात घर, बांध, जमीन सारखी केलेली, हे डोळ्यांना दिसणारे पुरावे आहेत. आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेली माहिती लिहून घेतली तर तोपण पुरावा आहे. आज्याला उंबऱ्यावर बसवलं. तो बोलत होता, नात लिहीत होती. कुठल्या ओढ्यापासून कुठल्या सादड्यापर्यंत त्याच्या बापानं राब भाजला, कोण शेजारी होतं, कुठल्या साली वाघानं बैल नेला, गावदेवाला कोंबडं कुणी दिलं, कुणाचं लग्न कुणाच्या घरात झालं, धवळे कुणी गायले. चार पानं झाली. खाली आज्याचा अंगठा, ग्रामसभेचा ठराव. हा कायद्यानं पुरावा आहे.

तेच चार पानं घेऊन पोरगी समितीकडं गेली होती. सांगितलं, हे चालत नाही, कागद आण. आज्यापण बरोबर जायला निघाला होता, पण एस.टी. त त्याला उलटी होते. तो म्हणाला, "मी जिता हाय ना. मला इचारा. माझा बापूस इथंच मातीत गेला, आनखी काय दाखवू?"

एकाच सरकारचे दोन कायदे. एकाला म्हातारा पुरावा वाटतो, दुसऱ्याला नाही. जमिनीला तो साक्षीदार चालतो, नातीला चालत नाही. आणि समितीनं जे देव, जी लग्नं, जे नाच त्या अठरा वर्षांच्या पोरीला विचारले, ते सगळे त्या चार पानांत आहेत. वाचले असते तर कळलं असतं.

आमचं मागणं यातूनच येतं, आणि ते फार मोठं नाही. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू आहे. त्यात म्हटलंय की ग्रामसभा आपल्या परंपरा, आपल्या रूढी, आपली ओळख राखायला सक्षम आहे. ओळख राखायला सक्षम आहे तर ओळख सांगायला का नाही? ग्रामसभेनं म्हाताऱ्यांची साक्ष लिहून, वाचून, ठराव करून दिली, तर पडताळणीत तो पुरावा धरा. शंका असेल तर पथक पाड्यावर येऊ दे, भर ग्रामसभेत विचारू दे. खोटा माणूस ठाण्याच्या ऑफिसात टिकेल, ग्रामसभेत टिकणार नाही. तिथं प्रत्येकाचा आजा प्रत्येकाला माहीत असतो. दुसरं, दाव्याच्या कामात ग्रामसभेनं ज्या घराला अनुसूचित जमातीचं म्हणून मान्य केलं, त्या घरातल्या पोरांना सातबारा मागू नका. तिसरं, समितीनं ठरल्या मुदतीत कागद दिला नाही तर जागा पोराची जाऊ नये. उशीर तुमचा, जागा आमची, असं चालणार नाही. चौथं, अकरावीत असतानाच कॉलेजात शिबिर लावून अर्ज घ्या, आवणीच्या दिवसांत नको.

सरकार हे उद्या देईल असं आम्हाला वाटत नाही. तोवर आपल्याला जे करता येतं ते करायचं ठरलंय. प्रत्येक पाड्यावर एक वही राहील. प्रत्येक घराची चार पिढ्यांची नावं, कोण कुठून आलं, कुणाचं कुळ कुठलं, म्हाताऱ्यांच्या तोंडून लिहून घ्यायचं, अंगठा घ्यायचा, ग्रामसभेत वाचायचं. म्हातारे कमी होत चाललेत, हे सांगायला नको. ज्या पोरांचं यंदा दहावी-अकरावी आहे त्यांची यादी आत्ताच करायची, म्हणजे दिवाळीनंतर माणसं भट्टीवर जायच्या आत अर्ज जातील. दाखल्याचा अर्ज दिला की पोच घ्यायची, शिक्का असलेली. नाकारला तर लेखी नकार मागायचा, तोंडी नकारावर अपील होत नाही. (स्टेन्सिलवर "दाखला" हा शब्द इतक्या वेळा कोरला की सुईनं कागद फाटला, ही ओळ दुसऱ्यांदा लिहितोय.)

वहीचं काम ती पोरगी बघणार आहे. तिनंच मागून घेतलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा फॉर्म भरणार, समितीच्या अर्जाचा पाठपुरावा संघटना करणार, आणि मागणीचं काय ते तिच्या बापाशी आमच्यातल्या बाया जाऊन बोलणार आहेत.

पुढच्या सभेला येताना घरच्या पेटीत जे असेल ते सगळं घेऊन या. दंडाच्या पावत्या, जुनी रेशन कार्डं, मतदार यादीची चिठ्ठी, कुणाच्या लग्नाची पत्रिका, भट्टीच्या शेठची वही, चुलत्याचा शाळेचा दाखला. हे काय कामाचं, असं म्हणून काही मागं ठेवू नका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणा, पाऊस अजून आहे. आणि घरात कुणी म्हातारं चालू शकत असेल तर त्याला बरोबर आणा, नाही तर आम्हाला निरोप द्या, वही घेऊन आम्ही येतो.